गृहनिर्मित विमानांतील विद्युत् यंत्रणा

कारखान्यात मालिकेने तयार न होता एखाद्या व्यक्तीने वा लहान गटाने स्वतःच्या शिक्षणासाठी अथवा हौसेसाठी बांधलेल्या विमानास गृहनिर्मित विमान म्हणतात. अशा विमानात एंजिनातील इंधनाचे प्रज्वलन, एंजिन सुरू करणे, दिवे, रेडिओ व मापक उपकरणे यांसाठी वीज लागते. ही वीज निर्माण करणारी, साठविणारी, वाटून देणारी आणि दोष उद्भवल्यास खंडित करणारी साधने व त्यांना जोडणाऱ्या तारा यांचा समावेश विद्युत् यंत्रणेत होतो. प्रारंभी विमानातील विजेचे काम ठिणगीपुरते मर्यादित होते. सु. शंभर वर्षांत ती अशा स्थानी पोहोचली की, काही विमानांत वीज गेल्यास एंजिनही बंद पडते. त्यामुळे एके काळी दुय्यम समजले जाणारे तारजोडणीचे काम हा आता बांधणाऱ्याच्या जबाबदारीतील एक अत्यंत नाजूक भाग झाला आहे.

ठिणगीचा काळ : ऑर्व्हिल व विल्बर राइट या बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी उडविलेले विमान हे एका अर्थी गृहनिर्मितच होते. त्याच्या एंजिनात हल्लीसारखी ठिणगी गुडदी नव्हती. सिलिंडरातील संपर्क-टोके एकमेकांपासून दूर होताना ठिणगी पडे व तिच्यासाठी लागणारा प्रवाह एंजिनाच्या प्रचक्रावर घासून फिरणाऱ्या लहान मॅग्नेटोपासून मिळे. एंजिन सुरू करण्यापुरते कोरडे विद्युत् घट वापरीत. पण वजन वाचविण्यासाठी ते जमिनीवरच ठेवले जात. बॉश या जर्मन कंपनीत गोटलोप होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला आणि विमानाच्या एंजिनांत तो लवकरच रूढ झाला. कायम चुंबकामुळे मॅग्नेटोला बाहेरच्या विजेची गरज नसते. एंजिन फिरत आहे तोवर ठिणगी पडत राहते. एका एंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो व प्रत्येक सिलिंडराला दोन गुडद्या देण्याची पद्धत पुढे सर्वत्र मान्य झाली. यामुळे विमानातील बाकीची सर्व वीज गेली, तरी एंजिन चालू राहण्याची खात्री मिळाली.

त्या काळातील पुष्कळशा लहान विमानांत याखेरीज वीज जवळजवळ नसे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, ते पस मॉथ या लहान विमानातून व रेडिओच्या साहाय्याविना. फ्रान्समध्ये आंरी मिन्ये यांनी १९३३ मध्ये उडविलेले व सर्वसामान्य माणसाने घरी बांधावे म्हणून प्रसिद्ध केलेले ‘पू द्यु सिएल’ हे छोटे विमानही असेच साधे होते. त्याचे आराखडे यूरोपात फार लोकप्रिय झाले. परंतु पंखांच्या रचनेतील दोषामुळे प्राणघातक अपघात घडून १९३० नंतरच्या दशकातच त्याच्या उड्डाणांवर बंदी आली. या अपघातांचा विजेशी संबंध नव्हता. तथापि घरी बांधलेले यंत्र आकाशात नेण्यापूर्वी ते दुसऱ्या जाणकाराने तपासले पाहिजे, ही शिकवण त्यांतून मिळाली व ती पुढे विद्युत् यंत्रणेलाही लागू झाली.

जनित्र व घटमाला : रात्रीचे उड्डाण, रेडिओ संभाषण आणि बटण दाबून एंजिन सुरू करण्याची सोय यांमुळे विमानात जनित्र व घटमाला आली. प्रथम एकदिश प्रवाहाचे जनित्र म्हणजे डायनामो वापरीत. एंजिन मंद फिरत असताना त्यापासून पुरेसा प्रवाह मिळत नसे. सिलिकॉन एकदिशकारक स्वस्त झाल्यावर प्रत्यावर्ती जनित्र, ज्याला व्यवहारात आल्टरनेटर म्हणतात, वापरणे शक्य झाले. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट मोटारगाडीत ते बसविले आणि त्याच दशकात लहान विमानांतही त्याचा प्रसार झाला. ते हलके असून कमी वेगातही भरपूर प्रवाह देते. मात्र त्याच्या क्षेत्रवेटोळ्याला बाहेरून प्रवाह द्यावा लागत असल्याने घटमाला पूर्ण उतरलेली असेल, तर ते काम सुरू करीलच असे नाही. शिवाय दाबनियंत्रक बिघडल्यास १४ व्होल्टच्या यंत्रणेतील दाब अल्पावधीत धोक्याच्या मर्यादेबाहेर चढतो. म्हणून अतिदाब होताच क्षेत्रवेटोळ्याचा प्रवाह तोडणारे स्वतंत्र साधन जोडणे आवश्यक मानले जाते.

हौशी चळवळ व नवी द्रव्ये : अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिल्वॉकी येथे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था स्थापन केली. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने स्वतः बांधलेला असावा, हे तत्त्व तेथील नियमांत आहे. त्यामुळे विद्युत् आराखडाही बहुधा बांधणाऱ्याकडेच येतो. १९७० नंतर बर्ट रुटान यांच्या व्हॅरीझी व लाँग-ईझी यांसारख्या विमानांनी काचतंतू व इपॉक्सी रेझीन यांच्या सांगाड्याचा प्रसार केला. ॲल्युमिनियमाच्या विमानात धडाचा पत्राच प्रवाहाच्या परतीचा मार्ग म्हणून वापरता येतो. काचतंतूचा सांगाडा विद्युत् निरोधक असल्याने प्रत्येक उपकरणाला परतीची वेगळी तार द्यावी लागते.

याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. पंखातील सु. १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा अवतरण-दिवा १२ व्होल्टवर सु. ८ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्यापर्यंत ४ मी. लांबीची, १·३ चौ. मिमी. छेदाची तांब्याची तार नेली, तर तारेत सु. ०·४ व्होल्ट दाब खर्ची पडतो. १४ व्होल्टच्या यंत्रणेत सतत चालणाऱ्या उपकरणासाठी ०·५ व्होल्टपर्यंतची घट स्वीकार्य मानतात. म्हणून धातूच्या विमानात ही तार चालते. काचतंतूच्या विमानात परतीचे ४ मी. मिळवावे लागून घट सु. ०·८ व्होल्ट होते व सु. ३·३ चौ. मिमी. छेदाची तार घ्यावी लागते. तिचे वजन वाढते. तारेची जाडी अशा रीतीने केवळ प्रवाहावर नव्हे, तर लांबी व विमानाचे द्रव्य यांवरही ठरते. अलीकडे प्रकाश-उत्सर्जक डायोडांच्या दिव्यांमुळे हा भार बराच कमी झाला आहे.

आराखड्याची तत्त्वे : आराखड्याचा आरंभ भारसूचीपासून होतो. प्रत्येक उपकरणाचा प्रवाह, ते सतत चालते की क्षणभर, आणि ते बंद पडल्यास उड्डाण सुरक्षित राहील काय, हे तीत मांडतात. जनित्राची क्षमता या सूचीतील सतत भारापेक्षा पुरेशी अधिक असावी लागते.

वितळतार अर्थात फ्यूज किंवा मंडल-खंडक हा उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. सु. ०·३३ चौ. मिमी. छेदाच्या तारेला ५ अँपिअरची वितळतार देतात, ती पलीकडील उपकरण कोणतेही असले तरी तार तापून तिचे आवरण पेटू नये म्हणून. त्यामुळे वितळतारेची जागा भाराजवळ नसून जेथून वीज निघते त्या पट्टीजवळ असते.

अमेरिकेतील विचिटा येथील विद्युत् अभियंता रॉबर्ट नकल्स यांनी ‘द एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या ग्रंथातून हौशी बांधकाऱ्यांसाठी या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. कोणताही घटक कधी ना कधी बिघडणार असे धरून चालावे, आणि तो बिघडल्यावरही वैमानिकाला शांतपणे उतरता येईल अशी रचना करावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. त्यासाठी मुख्य बसबारखेरीज अत्यावश्यक उपकरणांची वेगळी पट्टी ठेवतात. तिला घटमालेकडून थेट दुसरी वाट असते. १६ अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेवर २० अँपिअरचा पूर्ण भार पाऊण तासही टिकत नाही. पण जनित्र बंद पडताच भार ४ अँपिअरवर आणला, तर तीच घटमाला हिशेबाने ४ तास पुरते. जुनी झालेली घटमाला यापेक्षा कमी टिकते, म्हणून ती ठरावीक काळाने भार देऊन तपासतात.

आराखडा कितीही निर्दोष असला, तरी बिघाड बहुधा जोडांत होतात. डाख दिलेल्या तारेत वितळलेली मिश्रधातू धाग्यांमध्ये चढून तार ताठ होते आणि जेथे ताठरपणा संपतो तेथे कंपनांमुळे ती तुटते. यास्तव विमानात योग्य हत्याराने दाबून बसविलेले लग पसंत करतात आणि तारेला जोडाजवळच आधार देतात. घरगुती वायरिंगमधील पीव्हीसी आवरण जळताना दाट व विषारी धूर सोडते. बंदिस्त कक्षात तो वैमानिकाला निकामी करू शकतो. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या अनेकपदरी तांब्याच्या तारांवर टेफझेल यासारख्या, सु. १५०° से. पर्यंत टिकणाऱ्या फ्ल्युओरीनयुक्त बहुवारिकाचे आवरण असते. इंधनाच्या नळीला तारा बांधणे निषिद्ध मानतात.

विजेवरील वाढते अवलंबित्व : १९८९ च्या सुमारास प्रचारात आलेल्या रोटॅक्स ९१२ या ऑस्ट्रियन एंजिनात मॅग्नेटोऐवजी दोन इलेक्ट्रॉनीय प्रज्वलन-मंडले आहेत, मात्र त्यांना एंजिनावरील स्वतंत्र वेटोळ्यांपासून वीज मिळत असल्याने घटमालेवर ती विसंबत नाहीत. जुने तत्त्व येथे नव्या रूपात टिकले आहे. यानंतरच्या काही एंजिनांत इंधन-अंतःक्षेपण, इंधनपंप व प्रज्वलन ही तिन्ही कामे मुख्य विद्युत् यंत्रणेकडे सोपविली गेली. अशा विमानात दोन जनित्रे वा दोन घटमाला आणि त्यांना जोडणाऱ्या, एकमेकींपासून दूर नेलेल्या दोन वाटा ठेवणे अनिवार्य ठरते. दोन्ही वाटा एकाच भू-जोडाच्या बोल्टावर संपत असतील, तर एक बोल्ट सैल होताच दोन्ही निकामी होतात. कागदावर दुहेरी दिसणारी यंत्रणा अशा वेळी प्रत्यक्षात एकेरीच असते. लिथियम घटमाला वजनाने हलकी असली, तरी तिच्या अंतर्गत दोषातून उष्णता अनावर होऊ शकते. बोइंग ७८७ या प्रवासी विमानांची उड्डाणे अशाच घटनांमुळे जानेवारी २०१३ मध्ये काही महिने स्थगित करण्यात आली होती. घरी बांधणाऱ्याने अशी घटमाला वापरताना हा अनुभव ध्यानी ठेवणे इष्ट आहे.

महाराष्ट्रातील प्रयत्न : महाराष्ट्रात घरगुती विमानबांधणीचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतले जाते. त्यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याचे सांगतात. पण त्याला विश्वसनीय समकालीन पुराव्याचा आधार नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाची बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संशोधकांनी १९७४ मध्ये चिकित्सा केली व त्यातील याने उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला.

याउलट कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाचा प्रवास नोंदींत पाहता येतो. व्यवसायाने वैमानिक असलेल्या यादव यांनी मुंबईत कांदिवलीतील चारकोप येथे आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांसमोर आले. हौशी निर्मात्याच्या विमानाची नोंदणी नियमांच्या अडचणीमुळे दीर्घकाळ रखडली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याला व्हीटी-एनएमडी हे नोंदणीचिन्ह दिले, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाचा परवाना मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळे येथे त्याची उड्डाणचाचणी झाली. गच्चीवर बांधलेले विमान सुटे करून खाली उतरवावे लागते व धावपट्टीवर पुन्हा जोडावे लागते. अशा विमानात पंख व धड यांच्या सांध्यावरील प्रत्येक तारेला खूण, चुकीच्या जागी न बसणारा जोड आणि अद्ययावत मंडलाकृती नसेल, तर पुनर्जोडणीत चूक होण्याचा संभव फार असतो.

स्थानिक हवामानाचाही विचार करावा लागतो. कोकणात दमट खारी हवा जोडांवर गंज चढविते, तर अकोला-अमरावती या वऱ्हाडच्या भागात उन्हाळी तापमान ४५° से. च्या आसपास जाते व उघड्यावर उभ्या विमानाच्या कक्षात ते त्याहून पुष्कळ अधिक असते. शिसे-अम्ल घटमालेचे आयुष्य तापमान १०° से. ने वाढल्यास साधारणतः निम्म्यावर येते. म्हणून थंड देशांतील आराखडा जसाच्या तसा न उचलता घटमालेची जागा, वायुवीजन व तारांची क्षमता येथील उष्म्यानुसार ठरवावी लागते. बेलोरा वा धुळे येथील धावपट्टीवरून मे महिन्यात उडू पाहणाऱ्या लहान विमानाला हे विशेषेकरून लागू पडते.

कारखान्यातील विमानामागे चाचणीविभाग, परीक्षक व हजारो तासांचा अनुभव उभा असतो. गृहनिर्मित विमानामागे बांधणाऱ्याची वही, मंडलाकृती आणि परीक्षकाची सही एवढेच असते. ते विकले गेल्यावर नव्या मालकाला पत्र्याआडच्या तारांची ओळख याच कागदांवरून होते. म्हणून प्रत्येक तारेला क्रमांक देणे आणि केलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी नोंदविणे, हा या यंत्रणेचा जनित्राइतकाच आवश्यक घटक होय.