गावातला खेळाडू

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या इतिहासाकडे मी वळलो तो ‘ग्लोरी रोड’ या सिनेमामुळे. 19 मार्च 1966 चा अंतिम सामना हा त्याचा विषय. टेक्सास वेस्टर्नचे पहिले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय, समोर केंटकीचा संपूर्ण गोरा संघ. टेक्सास वेस्टर्नने 72-65 असा विजय मिळवला. पुढे वाचत गेलो तेव्हा मला वेगळीच गोष्ट खटकली. प्रशिक्षक डॉन हॅस्किन्स यांनी आपले खेळाडू न्यू यॉर्क, डेट्रॉइट, गॅरी अशा दूरच्या शहरांतून एल पासोला आणले होते. केंटकीला मात्र आपल्याच राज्यातला मुलगा मिळवता आला नव्हता.

तो मुलगा म्हणजे लुईव्हिलचा वेस अन्सेल्ड. त्याच्या सेनेका हायस्कूलने 1963 आणि 1964 अशी लागोपाठ दोन वर्षं राज्य विजेतेपद पटकावलं. केंटकीने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली. प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांच्या नावावर तेव्हा चार राष्ट्रीय विजेतेपदं होती. तरीही अन्सेल्ड आपल्या शहरातल्या लुईव्हिल विद्यापीठात गेला. पुढच्याच वर्षी बुच बियर्डनेही तेच केलं. केंटकी ज्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये खेळत होतं, तिथे तोवर एकही कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू नव्हता. अशा संघात जायचं म्हणजे मिसिसिपी, अलाबामातल्या प्रेक्षकांसमोर एकट्याने उभं राहायचं. केंटकीने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घ्यायला 1969 साल उजाडलं.

त्याच कॉन्फरन्समधल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाला मात्र शेजारचा मुलगा मिळाला. नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलचा पेरी वॉलेस हा अभ्यासातही पहिला. टेनेसीत गोऱ्या आणि काळ्या शाळांची पहिली एकत्रित राज्य स्पर्धा 1966 च्या मार्चमध्येच झाली आणि पर्लने एकही सामना न हरता ती जिंकली. प्रशिक्षक रॉय स्किनर यांनी त्याला घेतलं.

स्थानिक खेळाडू मिळवणं सोपं असतं, असं आपल्याला वाटतं. घर जवळ, माणसं ओळखीची. पण स्थानिक घराला संस्थाही ओळखीची असते. बाहेरून येणाऱ्याला ती मैदान आणि माहितीपत्रकातून दिसते, तर गावातल्याला तिचा पूर्वेतिहास ठाऊक असतो. 1960 मध्ये नॅशव्हिलच्या उपाहारगृहांत काळ्या विद्यार्थ्यांनी धरणं धरलं, तेव्हा त्यांना अहिंसेचे धडे देणाऱ्या जेम्स लॉसन यांना व्हँडरबिल्टनेच काढून टाकलं होतं. वॉलेस तेव्हा याच शहरात शाळेत जात होता.

1967-68 च्या हंगामात तो कॉन्फरन्समधला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू म्हणून मुख्य संघातून मैदानात उतरला. दक्षिणेतल्या मैदानांवर शिव्या आणि धमक्या झेलल्या. मिसिसिपीत डोळ्यावर फटका बसला. पण मला जास्त अस्वस्थ करतं ते घरचं वागणं. कॅम्पसजवळच्या एका चर्चने त्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. कॅम्पसवर अनेकांनी तो जणू नाहीच असं धरलं. जन्मगावात, घरापासून हाकेच्या अंतरावर, तो एकटा पडला.

1970 मध्ये शेवटचा सामना झाल्यावर त्याने हे सगळं वर्तमानपत्राला शांतपणे सांगितलं. काहींनी त्याला कृतघ्न ठरवलं. इंजिनियरिंगची पदवी घेऊन त्याने गाव सोडलं, पुढे कायदा शिकला आणि वॉशिंग्टनमध्ये प्राध्यापक झाला. व्हँडरबिल्टने त्याची 25 क्रमांकाची जर्सी सन्मानाने निवृत्त केली, ती 2004 मध्ये.

खेळाडूची भरती करारावर सही झाली की संपते, असं संस्था धरून चालतात. सही झाल्यावर त्याला जेवायला सोबत कोण बसतं, याचा हिशेब त्या ठेवत नाहीत. गाव मात्र तो ठेवतं. पुढच्या मुलाचे आईवडील ‘हो’ म्हणणार की ‘नाही’, हे त्यावरच ठरतं.