डिझेल वाहनांत टाकाऊ तेलाचा वापर : इंजिन, नियम आणि व्यवहार

जबलपूर : वापरलेले तेल डिझेलच्या टाकीत ओतून गाडी चालवता येते का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ‘टाकाऊ तेल’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ वावरतात, हे त्याचे कारण. एक म्हणजे हॉटेले, फरसाणाची दुकाने आणि खानावळींच्या कढईत तळून तळून काळे पडलेले खाद्यतेल. दुसरे म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी इंजिनातून काढलेले जळके ऑइल. पहिल्यापासून रीतसर प्रक्रियेनंतर चांगले इंधन तयार होते आणि केंद्र सरकारला ते हवे आहे. दुसरे कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि वाहनाच्या टाकीत त्याला स्थान नाही. गॅरेजमधल्या गप्पांत मात्र दोन्हींची सरमिसळ होते आणि तिची किंमत अखेर वाहनमालकाला मोजावी लागते.

जबलपूर हे डिझेल इंजिनाशी जुने नाते असलेले शहर आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ मध्ये जर्मनीतील मान कंपनीच्या परवान्याने ‘शक्तिमान’ या लष्करी ट्रकची जुळणी सुरू झाली. पुढे १९६९ मध्ये वाहननिर्मितीसाठी स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमाननंतर तेथे स्टॅलियन आणि एलपीटीए हे ट्रक तयार झाले. आयुध निर्माणी मंडळाच्या विसर्जनानंतर, १ ऑक्टोबर २०२१ पासून, हा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेडच्या अखत्यारीत आहे.

‘लष्करी इंजिनात काहीही ओतले तरी ते चालते’ या समजाचे मूळही मान कंपनीपर्यंत जाते. तिचे अभियंते झिगफ्रीड मॉयरर यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या ज्वलनपद्धतीत इंधनाचा फवारा हवेत न उडवता पिस्टनच्या माथ्यावरील गोलाकार पोकळीच्या भिंतीवर पातळ थराच्या रूपाने पसरवला जातो. तो थर टप्प्याटप्प्याने वाफ होऊन जळत असल्याने इंधन कोणते, याला इंजिन फारसे संवेदनशील राहत नाही. याच तत्त्वावर अमेरिकी लष्कराच्या १९६० च्या दशकातील ट्रकांची बहुइंधन इंजिने बेतलेली होती. त्यामुळे बहुइंधन इंजिन ही दंतकथा नव्हे. पण ती इंजिने त्याच कामासाठी घडवलेली होती. आजच्या मालवाहू टेम्पोला किंवा जीपला ती सवलत मिळत नाही.

खाद्यतेलावर इंजिन चालवण्याची कल्पना तर याहून जुनी आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ओटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. वसाहतींमध्ये पिकणाऱ्या भुईमुगाचा इंधन म्हणून उपयोग होईल का, हे फ्रेंच सरकारला पाहायचे होते. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनी पुढे या प्रयोगाचा उल्लेख केला आहे. १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिनही डिझेल यांच्या १८९३ मधील इंजिन-चाचणीशी जोडला जातो.

मग अडचण कोठे आहे? ती तेलाच्या दाटपणात आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची स्निग्धता साधारण २ ते ४.५ एकक असते. वनस्पती तेलाची ३५ ते ४० एकक, म्हणजे जवळपास दहापट असते. इतके दाट तेल नोझलमधून बारीक धुक्यासारखे फवारले जात नाही, मोठ्या थेंबांच्या रूपाने पडते. थेंब पूर्ण जळत नाहीत. नोझलच्या तोंडाशी कोळसा साचतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेले तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. तेथे उष्णतेने ते घट्ट होऊ लागते. पहिल्या काही दिवसांत यातले काहीच जाणवत नाही आणि फसगत तेथेच होते. गाडी सुरू होते, धावते, धुराला तळणाचा वास येतो एवढेच. बिघाड काही हजार किलोमीटरनंतर समोर येतो आणि तोवर त्याचा संबंध तेलाशी जोडणे अवघड झालेले असते.

युरोपात यावर दोन टाक्यांचा उपाय निघाला. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापल्यावर रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल ७०-८० अंशांपर्यंत तापवून पातळ करायचे, मग त्यावर चालवायचे आणि बंद करण्यापूर्वी नळ्या पुन्हा डिझेलने धुऊन काढायच्या. जर्मनीतील एल्सबेट यांनी तर केवळ वनस्पती तेलासाठीच इंजिन बनवले. साध्या यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांत ही पद्धत काही प्रमाणात यशस्वी ठरली. मात्र कॉमन रेल इंजिनांत इंधनाचा दाब दोन हजार बारपर्यंत जातो आणि नोझलची छिद्रे केसाएवढी असतात. तेथे अर्धवट गाळलेले तेल म्हणजे वाळू टाकल्यासारखेच. भारतात आणखी एक अडचण आहे. येथे तळणासाठी पाम तेलाचा वापर मोठा आहे आणि ते थंडीत गोठते. जबलपूरला जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते. अशा सकाळी टाकीतले तेल लोण्यासारखे झालेले असेल, तर फिल्टर तुंबून गाडी जागेवरच उभी राहते.

कायद्याचा अडसर वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि वेगळ्या इंधनासाठी इंजिनात फेरबदल करायचा असेल, तर मान्यताप्राप्त संचच बसवावा लागतो. त्यामुळे घरगुती पद्धतीने बसवलेली दुसरी टाकी मान्यतेच्या कसोटीला उतरत नाही. असे वाहन अपघातात सापडले तर विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

या सर्व अडचणींवरचा खरा मार्ग म्हणजे तेलाचे बायोडिझेल करणे. तेलाचा रेणू ग्लिसरीन आणि तीन मेदाम्लांच्या साखळ्यांनी बनलेला असतो. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साहाय्याने मिथेनॉलशी त्याची अभिक्रिया घडवली की ग्लिसरीन सुटे होऊन तळाशी बसते आणि वर पातळ, डिझेलसारखे वाहणारे द्रव्य राहते. शंभर किलो तेलातून साधारण शंभर किलो बायोडिझेल आणि दहा किलो ग्लिसरीन निघते. स्निग्धता डिझेलच्या जवळपास येते. उष्मांक थोडा कमी पडतो, पण वंगणक्षमता चांगली असते आणि गंधक जवळजवळ नसतेच.

तथापि तळलेल्या तेलात पाणी, अन्नकण आणि सुटी मेदाम्ले असतात. मेदाम्लांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या वर गेले की हायड्रॉक्साइडशी संयोग होऊन बायोडिझेलऐवजी साबणच तयार होऊ लागतो. म्हणून कारखान्यांत आधी आम्लाची प्रक्रिया करून घेतात. मिथेनॉल विषारी आहे. त्याने दृष्टी जाऊ शकते, जीवही जाऊ शकतो आणि त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. परसदारी ड्रममध्ये बायोडिझेल बनवण्याचे प्रयोग कितीही सोपे दाखवले जात असले, तरी ते घरी करण्याचे काम नव्हे.

तळलेले तेल रस्त्यावर धावणाऱ्या वाहनांकडे वळवण्यामागे सरकारचा हेतू केवळ इंधनाचा नाही. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ‘ध्रुवीय संयुगे’ वाढत जातात आणि ती हृदय, यकृत व रक्तदाबाच्या विकारांशी जोडली जातात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून या संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापुढचे तेल तळणासाठी वापरता येत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा ‘रुको’ हा उपक्रम सुरू झाला. १ मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांना वापराची नोंद ठेवणे आणि उरलेले तेल अधिकृत संकलकालाच देणे बंधनकारक झाले.

नियमांपेक्षा व्यवहार कठीण आहे. मोठ्या हॉटेलातून निघालेले तेल पूर्वापार एखाद्या मध्यस्थामार्फत छोट्या विक्रेत्याकडे जाते आणि तेथे ते पुन्हा कढईत पडते. हातगाडीवाल्याला ते ताज्या तेलापेक्षा स्वस्त मिळते. बायोडिझेलच्या कारखान्याला हे तेल हवे असेल, तर त्याला हातगाडीवाल्यापेक्षा जास्त भाव द्यावा लागतो आणि गाडी पाठवून वीस-तीस लिटरचे डबे दारोदार गोळा करावे लागतात. जबलपूरच्या सदर किंवा गोरखपूर बाजारातील दुकाने यापेक्षा वेगळ्या परिस्थितीत नाहीत. दिवसाला ५० लिटर तेल लागणारी दुकाने मोजकी असतात. बहुसंख्य दुकाने त्या मर्यादेखाली राहतात आणि नोंदवहीच्या सक्तीतून सुटतात. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर धोका याच लहान कढयांत अधिक आहे.

केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाच्या २०१९ मधील अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरले जाते. त्यापैकी हॉटेले, उपाहारगृहे आणि कँटीन अशा मोठ्या ग्राहकांकडून १४० कोटी लिटर वापरलेले तेल मिळू शकते आणि त्यापासून सुमारे ११० कोटी लिटर बायोडिझेल तयार होऊ शकते. त्या वर्षी १० ऑगस्टला तेल कंपन्यांनी १०० शहरांसाठी उत्पादकांकडून प्रस्ताव मागवले. खरेदीचा दर पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७० आणि तिसऱ्या वर्षी ५४.५० रुपये ठरला. या योजनेतील बायोडिझेल मिसळलेल्या डिझेलचा पहिला टँकर दिल्लीच्या टिकरीकलाँ येथील इंडियन ऑइलच्या आगारातून ४ मे २०२१ रोजी निघाला. मुंबईत मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहांतील तेलापासून बनलेले बायोडिझेल त्यांच्याच मालवाहू ट्रकांत वापरण्याचा प्रयोग त्याआधीच झाला होता.

राष्ट्रीय जैवइंधन धोरण, २०१८ मध्ये २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्ष प्रमाण अद्याप एक टक्क्यालाही पोहोचलेले नाही. इथेनॉलच्या तुलनेत ही पीछेहाट ठळक दिसते. साखर कारखान्यांच्या रूपाने इथेनॉलला कच्च्या मालाचा तयार पुरवठादार होता. बायोडिझेलसाठी आधी जट्रोफावर भिस्त ठेवली गेली. ती लागवड फसली आणि आता सगळा भार विखुरलेल्या कढयांवर आला आहे.

वाहनचालकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की भारतीय मानकानुसार पंपावरील डिझेलमध्ये ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकते आणि त्यासाठी गाडीत कोणताही बदल करावा लागत नाही. शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक लागू आहे आणि त्याच्या विक्रीसाठी एप्रिल २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणी लागते. ‘बायोडिझेल’ असा फलक लावून औद्योगिक तेले विकणाऱ्या पंपांवर गुजरात आणि महाराष्ट्रात कारवाया झाल्या आहेत. महामार्गावर डिझेलपेक्षा बरेच स्वस्त ‘बायोडिझेल’ मिळाले, तर संशय घेणेच शहाणपणाचे. बीएस-६ वाहनांत आणखी एक मुद्दा आहे. धुरातील कणांची गाळणी साफ करण्यासाठी काही इंजिने सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडतात. बायोडिझेलचे प्रमाण जास्त असेल तर ते पूर्ण बाष्प न होता इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल लवकर बदलावे लागते.

आता जळक्या ऑइलकडे. ते गाळून, काही दिवस निवू देऊन डिझेलमध्ये थोडेथोडे मिसळण्याची पद्धत जगभर आहे. कमिन्स कंपनीने १९९० च्या दशकात जुने ऑइल अत्यल्प मात्रेत इंधनात जाळणारी संगणकनियंत्रित यंत्रणाही विकली होती. पण तो काळ धुराच्या नळीत कण-गाळणी येण्यापूर्वीचा होता. जळक्या ऑइलमध्ये जस्त, कॅल्शियम आणि फॉस्फरसयुक्त मिश्रणे असतात, झिजलेले लोखंड-तांबे असते, काजळी असते आणि कर्करोगकारक बहुचक्रीय हायड्रोकार्बन असतात. कापडाने गाळले तर फक्त कण अडतात. विरघळलेली मिश्रणे तशीच पुढे जातात आणि जळल्यावर त्यांची राख होते. बीएस-६ वाहनाची गाळणी काजळी जाळून मोकळी होते, राखेने भरली तर मात्र ती काढून साफ करण्यावाचून किंवा बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल उत्पादकांवर ते परत मिळवून पुनर्प्रक्रियेस देण्याची जबाबदारीही टाकण्यात आली आहे. पुनर्शुद्धीकरणानंतर त्यापासून पुन्हा मूळ वंगणतेल तयार होते. जाळून टाकण्यापेक्षा हा उपयोग अधिक मोलाचा आहे. विक्रीच्या डिझेलमध्ये ते मिसळणे हा २००५ च्या नियंत्रण आदेशाखाली भेसळीचा प्रकार ठरतो आणि त्यास जीवनावश्यक वस्तू अधिनियमातील शिक्षा लागू होते.

वापरलेल्या खाद्यतेलाला आता आणखी एक ग्राहक मिळत आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के शाश्वत विमान इंधन मिसळण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. इंडियन ऑइलच्या पानिपत तेलशुद्धीकरण कारखान्याला २०२५ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून असे इंधन बनवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. विमान कंपन्या जो भाव देऊ शकतील, तो ट्रकसाठी बायोडिझेल बनवणाऱ्याला परवडेलच असे नाही. कढईतले तेल रस्त्यावरून आकाशाकडे वळण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

तेल देणाऱ्या दुकानदाराला मात्र ग्राहक कोणीही असला तरी काळजी तीच घ्यावी लागते. तेल निवल्यावर गाळून झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे, पावसाचे पाणी किंवा भांडी धुतल्याचे पाणी त्यात जाऊ देऊ नये आणि कोणत्याही परिस्थितीत इंजिन ऑइलचा डबा त्यासाठी वापरू नये. तेल नेणाऱ्या संस्थेकडून तारीख, परिमाण आणि नोंदणी क्रमांक असलेली पावती घेऊन ती नोंदवहीला जोडून ठेवावी.