अखंड रक्तापोहनाचे उपद्रव
रक्तदाब खालावलेल्या अत्यवस्थ रुग्णास काही तासांत उरकणारे नेहमीचे अपोहन सोसत नाही. यावर पीटर क्रामर यांनी १९७७ मध्ये गटिंगेन (पश्चिम जर्मनी) येथे रोहिणीतील दाबावरच अहोरात्र चालणारे रक्तगालन योजिले. त्यासाठी मांडीच्या रोहिणीत नळी ठेवावी लागे. रोहिणीस इजा व रक्तस्राव हे उपद्रव त्यातूनच उद्‌भवले. पुढील पंपयुक्त नीला-नीला पद्धतीने रोहिणीचा धोका टळला. गालकात रक्त साखळू नये म्हणून दिलेल्या हेपारिनामुळे होणारा रक्तस्राव मात्र राहिला. शरीर थंड पडून ज्वर झाकला जातो, हा उपद्रव सहज नजरेतून निसटतो. अधिक गालन म्हणजे अधिक लाभ, ही समजूतही २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीत टिकली नाही : दर किग्रॅ. वजनास ताशी २५ व ४० मिलि. या दोन्ही मात्रांत ९० दिवसांतील मृत्युप्रमाण ४४·७ टक्केच राहिले. रक्तातील फॉस्फेट मात्र मोठ्या मात्रेने अधिक रुग्णांत घटले.