माळ्यावरचे दप्तर आणि गावचे संग्रहालय

थ्रेड : आज लढाई नाही, तह नाही, किल्लाही नाही. आज विषय आहे लहान इतिहाससंग्रहालयांचा आणि त्यांना मिळणाऱ्या देणग्यांचा. विषय रुक्ष वाटेल. पण सुरुवात अशा एका प्रश्नाने करू, ज्यावरून महाराष्ट्रात कित्येक दशके वाद चालला.

शिवछत्रपतींचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत मात्र वैशाख शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७, असा जन्मकाळ छापलेला आढळतो. मधल्या काळात असे काय घडले की तीन वर्षांचा फरक पडावा?

घडले ते एका घरात. भोरजवळचे कारी हे जेधे देशमुखांचे गाव. कान्होजी जेधे हे शिवरायांच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी एक. त्यांच्या वंशजांकडे पिढ्यान्‌पिढ्या एक हस्तलिखित जपून ठेवलेले होते : शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घडामोडींची, कोरड्या शैलीतली, वर्षवार टिपणे. त्यात अलंकार नाहीत, स्तुती नाही. अमुक शक, अमुक महिना, अमुक घटना, बस्स.

कारीच्या दाजीसाहेब जेधे देशमुखांनी हे हस्तलिखित लोकमान्य टिळकांच्या हाती दिले आणि १९१६ मध्ये टिळकांनी ते भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रकाशात आणले. हीच ती ‘जेधे शकावली’. तिच्यात महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य ३ असा नोंदलेला होता. पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहात सदाशिव महादेव दिवेकरांना कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची प्रत सापडली, १९२७ मध्ये ती छापली गेली, आणि तिच्यातही तीच तिथी निघाली. वाद त्यानंतरही शमला नाही, तो आपल्या रक्तातच आहे. पण पुराव्याचे पारडे फिरले ते कायमचे.

आता क्षणभर उलटा विचार करा. जेधे घराण्याने ते बाड दाखवायला नकार दिला असता तर? अथवा एखाद्या पावसाळ्यात माळा गळला असता तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे सारे आयुष्य याच भीतीच्या छायेत गेले. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापर्यंतच्या, १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा संग्रह होता. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. ही पत्रे कुठल्या सरकारी कचेरीत मांडून ठेवलेली नव्हती. ती वाड्यांच्या बळदांत, देवघरांमागच्या खोल्यांत, कुळकर्ण्यांच्या पेट्यांत पडून होती. राजवाडे गावोगाव पायपीट करीत, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत आणि लोकांची मनधरणी करून दप्तरे उघडवीत.

लोक दप्तरे का उघडत नसत? आजचा वाचक म्हणेल, अज्ञानामुळे. मला हे उत्तर अन्यायाचे वाटते. इंग्रजी अमलात इनाम कमिशनने (१८५२ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले) जमिनींच्या सनदा तपासायला घेतल्या आणि अनेकांची इनामे गेली. ज्या घराने कागद दाखवल्यामुळे जमीन जाताना पाहिली, त्याच्या नातवाने एखाद्या अनोळखी, तापट ब्राह्मणाला पेटीची किल्ली का द्यावी? देणगी ही आधी विश्वासाची गोष्ट असते, औदार्याची नंतर. लहान संग्रहालयांचे सारे अर्थकारण आजही याच पायावर उभे आहे.

हा विश्वास एका माणसावर किती काळ टिकणार? माणूस मरतो, आणि त्याच्या खोलीतले कागद पुन्हा एकदा कोणाच्या तरी माळ्यावर जातात. म्हणून संस्था हवी. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात राजवाडे आणि सरदार घराण्यातील खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. एकाची विद्या आणि दुसऱ्याचे पाठबळ, असा तो योग होता. आज मंडळाकडे पंधरा लाखांच्या घरात कागद आहेत, शिवाय हजारो पोथ्या, नाणी, चित्रे. यातला फार मोठा भाग कुणी ना कुणी घरातून आणून दिलेला आहे.

राजवाड्यांचे पुढे मंडळाशी पटले नाही. (त्यांचे दीर्घकाळ कोणाशीच पटत नसे, हेही खरे.) अखेरच्या काळात ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच वारले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ९ जानेवारी १९२७ ला, धुळ्यातील स्नेह्यांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. सुतकाचे दिवस सरण्याआधीच! त्या घाईत मला शहाणपण दिसते. राजवाड्यांच्या मागे राहिलेल्या टाचणांचे काय होऊ शकते, हे राजवाड्यांच्याच सहवासात ते शिकले होते. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून गोळा करून ठेवली. ‘समर्थ वाग्देवता मंदिर’ ते हेच. राजधानी नाही, विद्यापीठ नाही, आणि तरी एकाच गावात दोन संग्रह.

कागद सोडून वस्तूंकडे वळू. पुण्यात चष्म्यांचे दुकान चालवणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला आरंभ केला. तलवारींच्या मागे सगळेच असतात. काकांनी अडकित्ते जमवले, दिवे, दौती, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्री, फण्या, दारांच्या चौकटी, वाद्ये. ज्या वस्तू घरातली बाई मोडीत काढून नवे भांडे घेते, नेमक्या त्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला त्याचे नाव मिळाले. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह केळकरांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका कुटुंबाने समाजाला दिलेली इतकी मोठी भेट आपल्याकडे विरळाच.

मोठ्या संग्रहालयांचे मूळही पाहिले तर लोकवर्गणीतच सापडते. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले, ते जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी, जॉर्ज बर्डवुड अशांनी उभ्या केलेल्या वर्गणीच्या आधारावर. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कलादालने सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांवाचून निम्मी ओस पडतील. मोठ्यांना मात्र मोठे दाते मिळतात. तालुक्याच्या संग्रहालयाला मिळतो तो माळा साफ करणारा एखादा गृहस्थ.

अशा एका लहान संग्रहालयात मी काही वर्षांपूर्वी गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण दोष एकट्या त्या संस्थेचा नव्हे. काचेच्या कपाटात एक सुंदर कट्यार होती. खाली चिठ्ठी : ‘शिवकालीन शस्त्र’. शेजारी दात्याचे नाव, ठळक अक्षरांत. कोणत्या गावची, कोणत्या घरातली, कुठे सापडली, यातले एक अक्षरही नाही. मी विचारले, तेव्हा तेथील वृद्ध व्यवस्थापकांनी हताशपणे सांगितले की जुनी नोंदवही वाळवीने खाल्ली. कट्यार वाचली होती, तिचा इतिहास गेला होता.

म्हणून तरुण मित्रांना एक आग्रहाची सूचना. घरातली वस्तू द्याल तेव्हा तिच्यासोबत एक पान लिहून द्या. वस्तू घरात कोणाकडून आली, कोणत्या गावी होती, आजी तिला काय म्हणत असे, ती कशासाठी वापरीत. आजीने सांगितलेले चूक असू शकेल. तरी लिहा, आणि ‘आजीच्या सांगण्यावरून’ असेही लिहा. कागद असतील तर रुमाल सोडून पत्रे ‘नीट लावू’ नका. एका रुमालात कोणते कागद शेजारी-शेजारी बांधले होते, हाही पुरावाच असतो. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. जुन्नरी वा दौलताबादी हातकागद तीनशे वर्षे टिकला आहे. प्लास्टिकमध्ये कोंडलेला कागद त्यातून पुन्हा सुखरूप काढणे जवळपास अशक्य.

देताना साधे दानपत्र करा आणि भावंडांच्या सह्या घ्या. अर्धी संग्रहालये ज्या भांडणाने गांजलेली असतात, ते ‘आमच्या काकांनी परस्पर दिले’ असेच सुरू होते. अटी घालू नका. ‘ही पालखी कायम दर्शनी दालनातच ठेवावी’ अशी अट म्हणजे पुढच्या पिढीच्या पायात घातलेली बेडी. संग्रहालयाने वस्तू नाकारली तर रागावू नका. एकाच प्रकारची बारावी समई त्यांना सांभाळता येत नसेल. आणि मूळ वस्तू सोडवतच नसेल, तर छायाचित्रे काढू द्या. आधीच्या पिढीतल्या संशोधकांनी कित्येक कागद नकलून मालकाला परत केले. आज तेच काम कॅमेऱ्याने तासाभरात होते.

कायद्याचेही भान हवे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते यांना विशेष दर्जा आहे. मूर्ती, चित्रे अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. शेतात नाण्यांचा हंडा निघाला तर तो भेट द्यायला तुमचा नसतो. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आता पैशाविषयी, ज्याचा उल्लेख आपण संकोचाने शेवटी करतो. लोक नव्या दालनासाठी पैसे देतात, कारण तेथे संगमरवरी पाटी लागते. वीजबिलाला पाटी लागत नाही. वाळवीचा बंदोबस्त, आम्लविरहित कागदाच्या पेट्या, पावसाळ्यात दमट हवा कमी ठेवणे, आणि दरवाजा उघडणाऱ्या माणसाचा पगार : संग्रहालय मरते ते या चारपैकी एक थांबल्यावर. ‘कोणत्याही कामासाठी वापरावी’ असे लिहून दिलेली दरमहा दोनशे रुपयांची देणगी एखाद्या दिमाखदार देणगीपेक्षा अधिक उपयोगी पडते. संस्था आयकर कायद्याखाली देणग्यांवरील सवलतीसाठी नोंदलेली असेल तर जुनी करपद्धती निवडणाऱ्याला सवलतही मिळते. पावती मात्र मागून घ्या.

खिसा रिकामा असेल तर मोडी शिका. लाखो कागद वाचकाची वाट पाहत आहेत, आणि एका रुमालाची साधी यादी करून देणे ही सुद्धा देणगीच आहे.

शेवटी स्वतःच्या घरची गोष्ट सांगतो. आमचे जुने घर पाडताना माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याला वजनावर दिली गेली. मी तेव्हा शाळेत होतो. एक रुमाल तेवढा वाचला, कारण तो देवघरात होता. घरात कोणालाच मोडी येत नसल्याने सगळे त्याला पोथी समजत आणि दसऱ्याला त्यावर फुले वाहत. पुढे वाचवून घेतला तेव्हा कळले : त्यात ज्वारीचे हिशेब होते आणि एका विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून तीन भावांत झालेला तंटा.

आई म्हणाली, “एवढी वर्षे भांडणाला हळदकुंकू वाहिले म्हणायचे!” मागच्या वर्षी तो रुमाल आम्ही जवळच्या संग्रहालयात दिला. सोबतच्या पानावर विहिरीची जागा लिहिली, भावांची नावे लिहिली, आणि हळदीचे डाग कशाचे आहेत तेही लिहिले.