हाड बसवणारे आणि डॉक्टर अ‍ॅक्सम

पाय मुरगळला की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, एक्स-रे काढा. दुसरा म्हणतो, हाडवैद्याकडे जा, एका झटक्यात बसवून देतो. तालमीतल्या पैलवानाला तर दुसरा सल्लाच आधी मिळतो. हा वाद इंग्लंडमध्येही जोरात झाला आणि त्यात एका डॉक्टरला आपली सनद गमवावी लागली. आज आपण त्याच वादाकडे बघणार आहोत.

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये रिचर्ड हटन नावाचे हाड बसवणारे गृहस्थ होते. वैद्यकीय शिक्षण काहीही नाही. ते आजारी पडले तेव्हा पीटर हूड या डॉक्टरांनी त्यांच्यावर उपचार केले आणि फी घेतली नाही. त्याची फेड म्हणून हटननी आपली विद्या उघड करायची तयारी दाखवली. डॉक्टरांचा मुलगा व्हार्टन हूड, तोही डॉक्टरच, ती शिकला आणि १८७१ मध्ये त्यानं ती छापून टाकली.

हूडनं काय पाहिलं? दुखऱ्या जागेवर अंगठा घट्ट रोवायचा आणि सांधा अचानक वाकवायचा किंवा पिळायचा. कट् असा आवाज येतो आणि सगळे म्हणतात, हाड बसलं. खरं तर बहुतेक वेळा हाड सरकलेलंच नसायचं. दुखापतीनंतर सांधा आठवडेच्या आठवडे बांधून ठेवल्यानं आत चिकटलेले पडदे त्या झटक्यानं सुटायचे. म्हणजे बघा, स्पष्टीकरण चुकीचं, पण हात बरोबर! आणि सांधा बांधून ठेवा म्हणणारे डॉक्टरच होते. सर जेम्स पॅजेट या नामवंत सर्जननी तर १८६७ मध्येच, हाड बसवणारे कोणते रोगी बरे करतात, याच विषयावर व्याख्यान दिलं होतं. त्यांच्यातलं चांगलं ते शिका, असं सांगायला ते कचरले नाहीत.

पण ऐकणारे थोडे. पुढच्या पिढीत हर्बर्ट बार्कर आले. गुडघ्यातली कूर्चा सरकलेले फुटबॉलपटू त्यांच्याकडे यायचे. झटका फार दुखतो, म्हणून भूल लागायची, आणि ती द्यायला डॉक्टर हवा. ते काम वयोवृद्ध डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅक्सम करत. पदवी नसलेल्या माणसाला साहाय्य केलं, एवढ्यावरून १९११ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलनं त्यांचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं.

कौन्सिलच्या बाजूनंही बोलायला हवं. क्षयानं सडलेल्या सांध्याला असा झटका दिला तर पाय जायची वेळ येते, आणि नुसत्या हाताला हा फरक दरवेळी कळत नाही. भीती खोटी नव्हती. पण शिक्षा झाली ती रोग्याच्या वेदना कमी करणाऱ्या माणसाला. आम्हाला हा निकाल न्यायाचा वाटत नाही.

पुढे काय झालं? १९२२ मध्ये बार्करना सर ही पदवी मिळाली. बर्नार्ड शॉ यांनी अ‍ॅक्समची बाजू जाहीरपणे मांडली, तरी कौन्सिल हललं नाही. १९२६ मध्ये अ‍ॅक्सम गेले. आणि १९३६ मध्ये लंडनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये बार्करनी अस्थिशल्यतज्ज्ञांसमोर आपलं कसब करून दाखवलं. त्याच हॉस्पिटलात पुढे डॉक्टर जेम्स सिरियॅक्स यांनी फिजिओथेरपिस्टना हातानं सांधे हाताळायला शिकवलं. त्यांचे आजोबा हेन्रिक केलग्रेन हे स्वीडिश पद्धतीनं हाताचे उपचार करणारे. तंतूंवर आडवं, खोल चोळणं ही सिरियॅक्स यांची प्रसिद्ध पद्धत. टेनिस एल्बोला ती अजून वापरतात, जरी तिच्या बाजूचा पुरावा तोकडाच आहे. मात्र सांध्याला हात लावण्याआधी दुखणं नेमकं कुठल्या पेशीजालात आहे हे एकेक हालचाल करून तपासायचं, ही शिस्त त्यांनीच घालून दिली. हटनच्या अंगठ्याला नेमकी तीच ठाऊक नव्हती.