पाण्याला वाट

माझ्या चुलत्यांची कृष्णाकाठी चार एकर मळई होती. पूर ओसरला, की ते रानात जायचे आणि नदीनं काय नेलं हे बघण्याआधी तिनं गाळ किती टाकला हे बघायचे. पुढे बारमाही पाणी आलं, पाठोपाठ ऊस आला. वीसेक वर्षांनी त्याच रानाच्या सखल कोपऱ्यात सकाळी दहिवर पडल्यासारखं पांढरं दिसू लागलं. ते दहिवर नव्हतं, मीठ होतं. चुलते म्हणाले, "पाणी आणलं, पण पाण्याला वाट न्हाई दिली." त्यांच्या बोलण्याचा पुरता अर्थ मला खूप वर्षांनी, शाळेत इजिप्तचा इतिहास शिकवताना कळला.

आपल्याकडे जुन्या कागदपत्रांत गावाचे दोन भाग असतात : 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. प्राचीन इजिप्शियन लोकांनी आपल्या देशाची अशीच रंगावरून वाटणी केली होती. नाईलकाठची काळी जमीन ती 'केमेत' आणि पलीकडचं तांबडं वाळवंट ते 'देशरेत'. केमेत हेच त्यांच्या देशाचं नाव होतं. कैरोत वर्षाकाठी जेमतेम इंचभर पाऊस पडतो आणि अस्वानला वर्षंच्या वर्षं थेंबही पडत नाही. अशा ठिकाणी ही काळी माती आली कुठून?

ती आली इथिओपियाच्या डोंगरांतून. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तिथं जोरदार पाऊस पडतो. ते पाणी निळी नाईल आणि अतबारा या नद्यांतून गढूळ होऊन उत्तरेला धावतं. हे डोंगर ज्वालामुखीच्या लाव्ह्यानं बनलेले आहेत, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखे काळ्या बेसाल्टचे. त्यामुळे नाईलचा पोयटा आणि आपली काळी जमीन यांचं जवळचं नातं आहे. दोन्ही चिकण, दोन्ही पाणी धरून ठेवणाऱ्या, भिजल्या की फुगणाऱ्या आणि वाळल्या की हातहात खोल भेगाळणाऱ्या. गुणही सारखे आणि दोषही सारखे. या मातीत पाणी मुरतं सावकाश आणि निघतं त्याहून सावकाश.

हा दोष इजिप्तच्या शेतकऱ्यानं फार जुन्या काळी ओळखला होता. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात विंचूराजाची म्हणून ओळखली जाणारी एक दगडी गदा आहे, इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० ची. तिच्यावर राजा हातात कुदळ घेऊन पाटाच्या काठी उभा आहे. राजेपणाची ही खूण मला तलवारीहून बोलकी वाटते.

त्यांची पद्धत साधी होती. नदीकाठच्या सपाटीवर मातीचे बांध घालून मोठमोठे वाफे करायचे. ऑगस्टमध्ये पुराचं गढूळ पाणी त्यांत सोडायचं आणि पुरुषभर नाही तरी कमरेएवढं पाणी महिना-दीड महिना कोंडून ठेवायचं. तेवढ्यात गाळ खाली बसतो आणि जमीन तुडुंब पिते. मग नदी उतरली, की उरलेलं पाणी पुन्हा नदीत सोडून द्यायचं. ओल्या चिखलात गहू, जव, जवस, मसूर पेरायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये कापणी करायची. त्यानंतर पुढच्या पुरापर्यंत जमीन उन्हात तापत आणि भेगाळत पडायची.

आपण शाळेत शिकलो, की गाळामुळे इजिप्त सुपीक झाला. ते खरं आहे, पण अर्धंच खरं आहे. गाळाचा थर शंभर वर्षांत सरासरी १० सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. शिवाय पोयट्यात पालाश आणि खनिजं भरपूर असली, तरी नत्र बेताचंच. ती उणीव कडधान्यं आणि चारापिकं भरून काढत. आपल्याकडे जनावरांना घालतात ते बरसीम गवतही इजिप्तमधूनच आलेलं आहे. खरी किमया होती परत जाणाऱ्या पाण्याची. ते जाताना जमिनीतलं मीठ धुऊन नेत असे. वाळवंटी उन्हात पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. दरसाल धुतलं गेलं नाही, तर ते साचत जातं. इजिप्तची जमीन पाच हजार वर्षं पिकली ती या वार्षिक धुण्यामुळे.

पुरावर सारं राज्य चाले. फार जुन्या राजांच्या काळातल्या पुरांच्या उंचीच्या नोंदी 'पालेर्मो शिला' नावाच्या दगडावर कोरलेल्या सापडतात. कैरोजवळच्या रोडा बेटावर इसवी सन ८६१ मध्ये बांधलेला नाईलमापक स्तंभ आजही उभा आहे. पाणी सोळा हातांपर्यंत चढलं, की पूर्ण सारा द्यायचा. पिकाआधीच पाणी मोजून सारा ठरवणारा हा कारभार आपल्या जमाबंदीवाल्यांनाही हेवा वाटावा असा!

मातीचा उपयोग शेतापुरता नव्हता. त्याच चिखलात भुसा कालवून उन्हात वाळवलेल्या विटांनी घरं बांधली जात. थीब्ज इथं रामसेस दुसरा या राजाच्या मंदिरामागे अशा कच्च्या विटांची कमानदार कोठारं सुमारे ३,२०० वर्षांनंतरही उभी आहेत. ओस पडलेल्या गावांची माती शेतकरी पुन्हा खत म्हणून शेतात नेत. आपल्याकडेही पांढरीच्या टेकाडाची माती शेतकरी अशीच उकरून नेतात. १८८७ मध्ये तेल-अल-अमार्ना इथं अशी खतमाती खणताना एका बाईला मातीच्या पाट्या सापडल्या, असं सांगतात. ती निघाली राजाराजांतल्या पत्रव्यवहाराची दप्तरं, तीनशेहून अधिक पत्रं!

एकोणिसाव्या शतकात मुहम्मद अलीनं लांब धाग्याचा कापूस आणला. कापसाला उन्हाळ्यात पाणी लागतं. त्यासाठी खोल कालवे निघाले, १८६१ मध्ये कैरोच्या उत्तरेला बंधारा झाला, आणि वाफे बुजून बारमाही पाणी सुरू झालं. पैसा आला, पण भूजल वर चढलं आणि मीठही वर आलं. १९०२ मध्ये अस्वानला पहिलं धरण झालं. त्याचा आराखडा करणाऱ्या विल्यम विलकॉक्सनं एक शहाणपण केलं. धरणाला १८० दरवाजे ठेवले. गढूळ पूर त्यांतून तसाच जाऊ द्यायचा आणि शेवटचं निवळ पाणी तेवढं अडवायचं. म्हणजे माती पुढे जात राहिली.

१९६० ते १९७० या काळात उभ्या राहिलेल्या उंच धरणानं ही वाट बंद केली. दरसाल येणारा दहा-बारा कोटी टन गाळ जवळजवळ सगळा जलाशयात बसू लागला. या धरणाला नुसते दोष देणं अन्यायाचं होईल. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात याच साठ्यानं इजिप्तला तारलं आणि त्याच्यामुळे वर्षाला दोन-तीन पिकं निघू लागली. पण गाळाची जागा रासायनिक खतानं घेतली. रशीदजवळचा समुद्रकिनारा मागं हटू लागला. नवी माती येईनाशी झाली, तरी वीटभट्ट्या शेतातली जुनी माती विकत घेतच राहिल्या. शेवटी १९८० च्या दशकात कायद्यानं ते थांबवावं लागलं. आणि जे धुणं नदी फुकट करत होती, त्यासाठी १९७० नंतर लाखो एकरांत जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुराव्या लागल्या. आता २०२५ मध्ये इथिओपियातही निळ्या नाईलवर मोठं धरण पूर्ण झालं आहे. त्यामुळे पुष्कळशी माती वाटेत वरच अडेल.

हे सगळं वाचताना मला चुलत्यांचं रान दिसत होतं. आपल्या नीरा कालव्यावरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जमिनी खारावल्या होत्या. धडा जवळच होता, पण आम्ही तो वाचला नाही. पाणी आणण्यासाठी गाव एक होतं. सांडपाण्याच्या चरासाठी मात्र कुणी बांधावरची हातभर जागा सोडत नाही.

चुलते गेल्यावर त्यांच्या मुलानं त्या कोपऱ्यात सच्छिद्र पाइप पुरले. शेजाऱ्यांची मनधरणी करून चर ओढ्यापर्यंत नेला. पहिल्या पावसाळ्यात मी मुद्दाम गेलो. पाइपाच्या तोंडाशी पाणी ठिबकत होतं. बोट बुडवून जिभेला लावलं, तर ते खारट होतं. पुतण्या हसून म्हणाला, "आजोबांचं मीठ चाललंय, काका." चार वर्षांनी त्या कोपऱ्यात पुन्हा हरभरा आला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)