सुप्याहून धारवाडकडे: जोयडा तालुक्यातील पहिल्या पदवीची वाट

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात विद्यापीठात अर्ज करण्याचा इतिहास हा बराचसा दाखल्यांचा इतिहास आहे. विद्यार्थ्याची हुशारी परीक्षेत दिसते. पण तो कोणत्या राज्याचा, कोणत्या मातृभाषेचा, कोणत्या जातीचा, ग्रामीण की शहरी, हे प्रत्येक पिढीला नव्याने कागदावर दाखवावे लागले, आणि दर वेळी कागद देणारी कचेरी बदललेली होती.

तालुका सह्याद्रीच्या माथ्यावर, गोव्याच्या सीमेला लागून आहे. काळी नदी इथल्याच डिग्गी परिसरात उगम पावते. रान दाट आणि वस्ती विरळ. लोकसंख्या सारी पन्नास हजारांच्या आसपास. कुणबी, धनगर गवळी, मराठा, सिद्दी अशा समाजांची गावे आणि वाड्या जंगलात विखुरलेल्या. घरात कोकणी किंवा मराठी, कचेरीत कन्नड. तालुक्याचे जुने नाव आणि जुने ठाणे सुपा. जोयडा हे नाव रूढ झाले तरी २०११ च्या जनगणनेच्या तक्त्यांतही तालुका ‘सुपा’ म्हणूनच आहे.

घरात आधी कोणीच पदवीधर नाही, अशा विद्यार्थ्याची वेगळी नोंद घेण्याची पद्धत इकडे रुजली नाही. अमेरिकेत १९८० च्या कायदादुरुस्तीत अशा विद्यार्थ्याची व्याख्याच करण्यात आली. तमिळनाडूने २०१० पासून कुटुंबातील पहिल्या पदवीधराला व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात सवलत दिली आणि त्यासाठी महसूल खात्याचा दाखला सुरू केला. कर्नाटक आणि महाराष्ट्रात प्रवेशाचा विचार मुख्यतः जात, उत्पन्न, रहिवास आणि माध्यम यांच्या आधारे होतो. वडील किती शिकले, याला त्यात फारसे वजन नाही. त्यामुळे जोयड्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचा माग त्या चार रकान्यांतूनच काढावा लागतो.

१८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि सुपा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत गेले. हे विद्यापीठ १८५७ चे. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर तीत उत्तीर्ण झाले. त्या काळी निवड होई ती मॅट्रिकलाच. मॅट्रिक झालेल्याला आर्ट्‌स कॉलेजात जागा मिळवण्यासाठी झगडावे लागत नसे; खरी चाळणी त्याच्या कितीतरी आधी, हायस्कूलच्या दारात लागे. सुप्याच्या मुलासाठी ते दार कारवार, बेळगाव किंवा धारवाड इथे होते. म्हणजे घाट उतरा किंवा जंगल ओलांडा, आणि वर परगावी राहण्याजेवणाचा खर्च सोसा.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेले निवेदन प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी ओळखले जाते. त्यातला एक छोटा मुद्दा मात्र अशा दूरच्या तालुक्यांच्या दृष्टीने अधिक कामाचा होता. मुंबई विद्यापीठ प्रवेश परीक्षेला, म्हणजे मॅट्रिकला, खासगी उमेदवारांना बसू देते याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच मुभा वरच्या परीक्षांनाही द्यावी, असे सुचवले. कॉलेजच्या गावी जाऊन राहणे ज्याला परवडत नाही त्याने घरी अभ्यास करून पदवी घ्यावी, असा त्यामागचा हिशेब. बहिःस्थ पदवी सर्रास झाली ती फार उशिरा. सुप्यात तर घरी अभ्यास करायचा म्हटले तरी पुस्तके आणि शिकवणारा माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न उरेच.

१८८० च्या दशकाअखेर मुरगावहून घाट चढून आलेली रेल्वे कॅसलरॉकला पोचली आणि लोंढ्यामार्गे धारवाड-हुबळीशी जोडली गेली. कॅसलरॉक आणि तिनईघाट ही दोन्ही स्थानके याच तालुक्यात. ब्रिटिश आणि पोर्तुगीज हद्दींमधल्या या मार्गाला महत्त्व होते ते व्यापाराचे, पण शिक्षणाची दिशा ठरवण्यातही त्याचा वाटा आहे. जिल्ह्याचे ठाणे कारवार घाटाखाली. गाडी जाते ती धारवाडकडे. १९१७ मध्ये धारवाडला कर्नाटक कॉलेज सुरू झाले. बेळगावात १९३३ मध्ये लिंगराज कॉलेज आणि १९४५ मध्ये राणी पार्वतीदेवी कॉलेज निघाले. कर्नाटक विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन १९५० मध्ये धारवाडला हलले. सुप्यापासून विद्यापीठाचे अंतर एकदम कमी झाले, निदान नकाशावर तरी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा बदल परीक्षा मंडळाचा, राज्यभाषेचा आणि नोकरीच्या बाजारपेठेचा होता. तालुक्यात कन्नडबरोबर मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालत राहिल्या, पण मराठीतून वरपर्यंत शिकण्याची सोय तुटपुंजी होती. चौथी-सातवीनंतर माध्यम बदलायचे, आणि पुढे विज्ञान घेतले तर पीयूसीला, म्हणजे पदवीपूर्व वर्गांना, इंग्रजी, असा दुहेरी उंबरठा मराठी शाळेतल्या मुलापुढे आला. यात गळालेल्यांचा हिशेब विद्यापीठाच्या कोणत्याही नोंदीत सापडणार नाही. ते अर्जापर्यंत पोचलेच नाहीत.

या काळात जिल्ह्यात शाळा उभारण्याचे मोठे काम दिनकर देसाई यांच्या कॅनरा वेल्फेअर ट्रस्टने केले. भारत सेवक समाजाचे हे कार्यकर्ते कन्नडमध्ये चुटक्यांचे कवी म्हणून जास्त ठाऊक आहेत. ट्रस्ट १९५३ चा. १९६६ मध्ये, गोपाळ कृष्ण गोखले यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, अंकोल्याला गोखले सेंटेनरी कॉलेज निघाले. जोयड्याला लागून असलेल्या दांडेलीत कागद गिरणी आली, तिच्याभोवती गाव वाढले, शाळा-कॉलेज निघाले. जोयड्याच्या पूर्व भागातील मुलांना हायस्कूल आणि पुढे पदवी कॉलेज एसटीच्या टप्प्यात आले ते असे.

त्यानंतर धरण आले. काळी जलविद्युत प्रकल्पासाठी बांधलेल्या १०१ मीटर उंचीच्या सुपा धरणात १९८० च्या दशकात जुने सुपा गाव बुडाले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले आणि विस्थापितांतील बऱ्याच कुटुंबांचे पुनर्वसन रामनगरला झाले. धरणाचे वर्णन बहुधा विजेच्या आकड्यांत केले जाते. दाखल्यांच्या दृष्टीने पाहिले तर ज्या गावाच्या नावावर जन्म, जमीन आणि शाळा यांच्या नोंदी होत्या ते गावच नकाशावरून गेले. रहिवासाचा पुरावा मागणाऱ्या प्रत्येक अर्जात जुना आणि नवा पत्ता जुळवणे आले. रामनगर मात्र बेळगाव-गोवा रस्त्यावर असल्याने तिथल्या मुलांना बस मिळाली. जंगलातल्या वाड्यांना ती सोय नव्हती.

खऱ्या अर्थाने चुरशीचा प्रवेश जोयड्यात आला तो १९९४ नंतर. त्या वर्षी कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, सुरू झाली. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागा तिच्या गुणवत्ता यादीतून भरल्या जाऊ लागल्या. ओळख, देणगी, शहरातला नातेवाईक यांचा प्रभाव ओसरला, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू. ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के आणि कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पहिली ते दहावी ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला मुख्याध्यापक देतात आणि त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची, सही लागते. जोयड्यातल्या मुलाला यातला पहिला लाभ सहज लागू होतो. दुसरा मात्र मराठी शाळेत गेलेल्याला मिळत नाही, मग तो पाचवीपासून कन्नडमध्ये शिकला असला तरीही; कारण अट पहिलीपासूनची आहे. सहाव्या वर्षी आईवडिलांनी जवळची शाळा निवडली, त्याचा परिणाम अठराव्या वर्षी रकान्यात दिसतो.

जातीच्या रकान्यातली विसंगती याहून ठसठशीत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्यांत दुरुस्ती करणारा केंद्राचा कायदा जानेवारी २००३ मध्ये लागू झाला. त्याने उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा दिला. त्याच कायद्याने गोव्यातील कुणबी, गावडा आणि वेळीप यांनाही तो दिला. जोयड्यातील कुणबी मात्र यादीबाहेर राहिले. सीमेच्या अलीकडे-पलीकडे सोयरीक, शेती, देवस्थाने यांत पुष्कळ साम्य. पण गोव्यातील कुणबी मुलगा अनुसूचित जमातीच्या जागेसाठी अर्ज करतो, तर जोयड्यातला त्या जागेकडे पाहूही शकत नाही. कुणब्यांना जमातीचा दर्जा मिळावा ही इथली मागणी तेव्हापासून अधिकच जोर धरून आहे, आणि तिच्यामागे कॉलेजप्रवेशाचे कारण नोकरीइतकेच मोठे आहे.

दर्जा मिळाला म्हणजे सगळे साधले, असे सिद्दींच्या बाबतीतही म्हणता येणार नाही. आफ्रिकी वंशाचा हा समाज यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, जोयडा या पट्ट्यात विखुरलेला आहे. यल्लापूर तालुक्यातील शांताराम सिद्दी यांना समाजातील पहिले पदवीधर म्हटले जाते. जुलै २०२० मध्ये कर्नाटक विधान परिषदेवर त्यांची नियुक्ती झाली, तेव्हा त्यांच्या पदवीची चर्चा आमदारकीइतकीच झाली. जमातीचा दर्जा २००३ चा आहे आणि त्यांचे शिक्षण त्याच्या आधीचे, हे लक्षात घेतले तर त्या पदवीला जमातीच्या राखीव जागेचा टेकू नव्हता, हे उघड होते.

महाराष्ट्राकडे जाणारी एक वाट सीमावादातून निघाली. महाराष्ट्राने ज्या गावांवर दावा सांगितला आणि ज्यासाठी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यांत कारवार, हल्याळ आणि जोयडा तालुक्यांतील गावे येतात. तेथील मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत प्रवेशाची सोय आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेशात त्यांची ‘ई’ प्रकारची उमेदवारी धरली जाते. त्यासाठी दोन दाखले लागतात: एक विवादित सीमाभागातील रहिवासाचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. पहिला दाखला कर्नाटकातील अधिकाऱ्याकडे मागायचा, म्हणजे ज्या राज्याला हा वादच मान्य नाही त्याच्याकडे. दुसऱ्यात कुणबी मुलाची अडचण आहे. त्याच्या घरात कोकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड. मग मातृभाषा कोणती लिहायची? पूर्वी शाळेत दाखल करताना मास्तरांनी जे लिहिले तेच शेवटी चालते.

आता अर्ज ऑनलाइन आहे. जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे स्थानिक महसूल कचेरीतून, निघतात, त्यांवर आरडी क्रमांक, म्हणजे दाखल्याचा ओळख क्रमांक, असतो आणि प्रवेश प्राधिकरणाच्या अर्जात तो भरला की पडताळणी संगणकावरच होते. नावाच्या एका अक्षरात शाळेचा दाखला आणि आधार यांत फरक पडला, की पुन्हा जोयड्याची खेप. पालकांना हे समजावून सांगणारे घरात कोणी नसते. ते काम शाळेतले शिक्षक, सायबर सेंटरवाला किंवा गावातला आधी शिकून गेलेला मुलगा करतो. अर्ज भरण्याइतकेच पर्यायांचा क्रम लावणे जोखमीचे असते. हुबळीचे नावाजलेले कॉलेज वर ठेवायचे की वसतिगृह असलेले कारवारचे, याचा निर्णय शुल्क परत मिळण्याच्या मुदतीकडे पाहून करावा लागतो.

देशपातळीवरच्या परीक्षांनी भाषेचा प्रश्न नव्या रूपात आणला. वैद्यकीय प्रवेशाची नीट २०१७ पासून मराठीतही देता येते, अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ पासून. पण नीटची मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातील केंद्रांवर आणि कन्नड प्रश्नपत्रिका कर्नाटकातील केंद्रांवर मिळते. कर्नाटकातील केंद्र घेणाऱ्या जोयड्याच्या विद्यार्थ्यासमोर इंग्रजी, हिंदी, कन्नड आणि उर्दू हे पर्याय असतात. विज्ञान शाखेत दोन वर्षे इंग्रजीत शिकल्यावर बहुतेक जण इंग्रजीच निवडतात. २०१६ मध्ये धारवाड आणि गोवा अशा दोन आयआयटी सुरू झाल्या, दोन्ही जोयड्यापासून काही तासांच्या अंतरावर. जिल्ह्याचे नवोदय विद्यालय मुंडगोडला आहे. सहावीला तिथे निवड झालेल्या मुलाला अशा परीक्षांची तयारी लवकर समजते. बाकीच्यांना ती पीयूसीला कळते, तेव्हा सीईटीच्या अर्जाची मुदत जवळ आलेली असते.